कबुलीनंतरचं दार

लंडनला बॅरिस्टर झालेल्या मोहनदास गांधींनी दुसऱ्यांचे खटले पुष्कळ लढवले. स्वतःवर खटला आला की मात्र ते गुन्हा कबूल करून मोकळे होत. जानेवारी 1908 मध्ये जोहान्सबर्गच्या कोर्टात त्यांनी ट्रान्सवाल न सोडल्याची कबुली दिली, वर जास्तीत जास्त शिक्षा मागितली. दोन महिने कैद झाली. 1913 मध्ये डंडीला पुन्हा तेच. 1917 मध्ये चंपारणात त्यांनी हुकूम मोडल्याचं मान्य केलं, तेव्हा मॅजिस्ट्रेटच पेचात पडला. निकाल लांबला आणि सरकारने खटला काढून घेतला.

सगळ्यात गाजला तो 18 मार्च 1922 चा अहमदाबादचा खटला. ‘यंग इंडिया’तल्या तीन लेखांबद्दल राजद्रोहाचा आरोप होता. गांधींनी तो कबूल केला. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या 1908 च्या शिक्षेचा दाखला देऊन सहा वर्षं साधी कैद सुनावली. टिळक शेवटपर्यंत लढणारे. 1897 च्या शिक्षेविरुद्ध त्यांनी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दाद मागितली होती. गांधी अपिलात गेले नाहीत, येरवड्याला गेले.

त्यांना अपील करता आलं असतं का? अर्धंच. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 412 प्रमाणे, गुन्हा कबूल करणाऱ्याला दोषी ठरवल्याविरुद्ध अपील नव्हतं. शिक्षा जास्त झाली किंवा कायद्याबाहेरची झाली, एवढंच त्याला म्हणता येई. मुंबई हायकोर्टाचं ते दार गांधींना उघडं होतं. पण शिक्षा मागून घेणारा ती जास्त झाली असं कोणत्या तोंडाने म्हणणार? जानेवारी 1924 मध्ये पुण्याच्या ससूनमध्ये त्यांचं ॲपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि 5 फेब्रुवारीला सरकारनेच त्यांना सोडलं.

बँकेच्या नोकरीत गंगाखेडला असताना वसुलीच्या कामासाठी मला कोर्टात तासन्‌तास बसावं लागे. एखादा मजूर जुगाराच्या केसमध्ये तारखांना कंटाळून कबुली देऊन टाकी. रोज बुडण्यापेक्षा दंड परवडला, हा त्याचा हिशेब. गांधींची कबुली जाणत्या वकिलाची होती, याची थकलेल्या माणसाची. कायदा मात्र दोघांना एकच. जुनं कलम 412 पुढे 375 झालं आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 416. आशय तोच राहिला. दंड अगदी किरकोळ असेल तर तेवढंही अपील नाही.

गंगाखेड हे जनाबाईंचं गाव. पदक चोरल्याचा आळ आलेल्या जनाबाईंसाठी उभारलेल्या सुळाचं पाणी झालं, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कोर्टात तसं होत नाही. म्हणून तुमच्या ओळखीतलं कुणी कबूल म्हणायला निघालं असेल, तर त्याला आधी वकिलाकडे न्या. पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीत विचारा. पात्र माणसाला तिथून वकील मोफत मिळतो. कबुली द्यायचीच असेल, तर मागे कोणतं दार बंद होतंय, एवढं त्याला ठाऊक असावं.