जनरल अँडर्स आणि वळिवड्याची पोलिश कुटुंबे

कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. १९४०-४१ साली सोव्हिएत सत्तेने त्यांना सायबेरिया, कझाकस्तानात हद्दपार केले होते. त्यांच्या सुटकेशी जनरल व्लादिस्लाव अँडर्स यांचे नाव निगडित आहे. १८९२ साली प्रॉटेस्टंट कुटुंबात जन्मलेले अँडर्स १९४१ साली मॉस्कोच्या तुरुंगातून सुटले. १९४२ साली कॅथलिक झाले. त्याच वर्षी त्यांनी सैन्यासोबत स्त्रिया-मुलांनाही इराणात नेले. ब्रिटिशांना केवळ सैनिक हवे होते! मोंते कासिनोच्या विजयापेक्षा आम्हांला हेच कार्य थोर वाटते. १९४६ साली पोलंडच्या साम्यवादी सरकारने त्यांचेच नागरिकत्व काढून घेतले. १९७० साली लंडनमध्ये ते निवर्तले. मोंते कासिनोला आपल्या सैनिकांमध्ये त्यांना मूठमाती देण्यात आली.