तेजोमेघांचा छायाचित्रकार : एडवर्ड बर्नार्ड

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात १६ डिसेंबर १८५७ रोजी एडवर्ड इमर्सन बर्नार्ड यांचा जन्म झाला. वडील त्यांच्या जन्मापूर्वीच निवर्तले होते. घरी अठराविश्वे दारिद्र्य. शाळेचे तोंड त्यांनी जेमतेम दोन महिने पाहिले. वयाची नऊ वर्षे पूर्ण होण्याआधीच त्यांना एका छायाचित्रकाराच्या स्टुडिओत नोकरी धरावी लागली. छायाचित्रे मोठी करण्यासाठी तेथे छपरावर सूर्यप्रकाशावर चालणारा एक अवजड कॅमेरा होता. तो सतत सूर्याच्या रोखाने वळवत ठेवणे, हे या मुलाचे काम. सुमारे १७ वर्षांच्या या नोकरीत त्यांच्या हाताला चिकाटी आली आणि छायाचित्रणाचे तंत्रही अंगवळणी पडले.

पुढे पदरमोड करून त्यांनी पाच इंची दुर्बीण घेतली, अनेक धूमकेतू शोधले आणि १८८८ मध्ये ते कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत रुजू झाले. १८९२ मध्ये त्यांनी गुरूचा पाचवा उपग्रह शोधला, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले. त्यांचा खरा ध्यास मात्र आकाशगंगेच्या छायाचित्रांचा होता.

तप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांमुळे भोवतालचा हायड्रोजन वायू स्वतःच प्रकाशू लागतो. हेच उत्सर्जन तेजोमेघ. त्यांचा प्रकाश इतका विरळ पसरलेला असतो की मोठ्या दुर्बिणीतूनही तो डोळ्यांना क्वचितच जाणवतो. छायाचित्रणाची काच मात्र तासन्‌तास प्रकाश साठवते. बर्नार्ड यांनी त्यासाठी व्यक्तिचित्रे टिपण्याकरिता घडवलेले सहा इंची भिंग वापरले. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारे सरकतात. म्हणून मार्गदर्शक दुर्बिणीतील तारा तारांच्या फुलीवरून ढळू न देता रात्रभर डोळा लावून बसावे लागे. क्षणभराची चूक सारी रात्र वाया घालवी. छपरावर सूर्याचा पाठलाग करणाऱ्या मुलाला हे काम नवे नव्हते.

ऑक्टोबर १८९४ मध्ये त्यांनी मॅजिक लँटर्नच्या छोट्याशा भिंगातून मृग नक्षत्र टिपले. मृगाच्या पोटातील बाण म्हणून आपण ओळखतो त्या तीन ताऱ्यांना वेढणारे वायूचे प्रचंड कडे काचेवर उमटले. त्याआधी १८८९ मध्ये विल्यम पिकरिंग यांच्या छायाचित्रातही ते आले होते. पण आज ते ‘बर्नार्डचे कडे’ म्हणूनच ओळखले जाते.

छायाचित्र टिपणे हे अर्धेच काम होते. छापताना पुसट तंतू नाहीसे होत, हे बर्नार्ड यांना सहन होत नसे. समाधानकारक छपाई मिळेना, म्हणून १८९५ पर्यंत लिक येथे घेतलेली छायाचित्रे १९१३ मध्ये ग्रंथरूपात आली. तोवर ते १८९५ पासून यर्कीझ वेधशाळेत होते. विस्कॉन्सिनच्या गोठवणाऱ्या हिवाळ्यातही त्यांच्या रात्री दुर्बिणीपाशीच जात. आकाशगंगेतील काळे भाग म्हणजे पोकळ्या की प्रकाश अडवणारे मेघ, हा प्रश्न त्यांना वर्षानुवर्षे छळत राहिला. घाईने निष्कर्ष न काढता त्यांनी छायाचित्रे पुनःपुन्हा पडताळली आणि १९१९ मध्ये अशा १८२ काळ्या खुणांची सूची प्रसिद्ध केली. त्यांतील बहुतेक मेघच आहेत, असे त्यांचे मत तोवर बनले होते.

आकाशगंगेच्या छायाचित्रसंग्रहासाठी त्यांनी छापील ठशांऐवजी प्रत्यक्ष छायाचित्रांच्या प्रती चिकटवण्याचा आग्रह धरला. सुमारे ३५,७०० प्रतींपैकी प्रत्येक त्यांनी स्वतः तपासली. पण पूर्ण झालेला ग्रंथ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ६ फेब्रुवारी १९२३ रोजी त्यांचे निधन झाले. एडविन फ्रॉस्ट आणि बर्नार्ड यांच्या पत्नीची भाची मेरी कॅल्व्हर्ट यांनी उरलेले काम तडीस नेले आणि १९२७ मध्ये तो संग्रह प्रकाशित झाला.