गाणे, गल्ला आणि विष्णु दिगंबर

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीभोवती कापडाची, भांड्यांची, मोबाइलची दुकाने आणि लहानमोठी उपाहारगृहे यांची दाटी झाली आहे. यांपैकी अनेक ठिकाणी संगीत अखंड चालू असते. गिऱ्हाईक सदऱ्याचे माप पाहत असता किंवा पाळी संपवून आलेला कामगार मिसळीवर रस्सा मागत असता, चित्रपटगीतांच्या गर्दीतून एकाएकी रामधून कानी येते. कोणी मान वर करीत नाही. त्या धुनेची सर्वपरिचित चाल ज्यांची मानली जाते, ते पंडित विष्णु दिगंबर पलुसकर उत्तरायुष्यात नाशिकलाच आश्रम स्थापून राहिले होते. संगीत सर्वांपर्यंत पोचावे म्हणून ज्यांनी जन्म वेचला, त्यांची चाल अशी बाजारात पोचलेली पाहून आनंद मानावा की खेद? याचे उत्तर त्यांच्या चरित्रातच शोधले पाहिजे.

त्यांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. बालपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, शाळेचा मार्ग खुंटला आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गायनाचे शिक्षण सुरू झाले. संस्थानिकांचा आश्रय होता. परंतु त्या आश्रयाला सन्मानाची जोड नव्हती. गवयाची बिदागी ठरलेली, तशी त्याची पायरीही ठरलेली. एका समारंभाचे निमंत्रण आपल्याला आले, गुरूंना मात्र आले नाही, हा भेद त्यांच्या मनाला फार लागला, असे चरित्रकार सांगतात. 1896 मध्ये त्यांनी मिरज सोडली.

यापुढचे त्यांचे कार्य अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही अभ्यासावे असे आहे. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. वरवर पाहता हा केवळ पैशाचा व्यवहार. वास्तविक त्यात दोन मोठे बदल होते. दरबाराचे दार ज्याला बंद, त्याला नाममात्र मोल देऊन गाणे ऐकता येऊ लागले. शिवाय तिकीट काढणारा मनुष्य ऐकण्यासाठीच येतो. गाणे मेजवानीचे तोंडीलावणे न राहता स्वतःच्या पायावर उभे राहिले.

5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. ते राजाश्रयावर नव्हे, लोकाश्रयावर चालावे, हा त्यांचा आग्रह. स्वरलिपी सिद्ध केली, पाठ्यपुस्तके छापली, शृंगारिक बंदिशींच्या जागी भक्तिपर शब्द योजले. हेतू हा की गाणे शिकण्यात कोणत्याही घराला संकोच वाटू नये. 1908 मध्ये विद्यालय मुंबईस आले. उपदेशक वर्गातील विद्यार्थ्यांना ते वर्षानुवर्षे विनाशुल्क शिकवीत. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास हे त्यांचेच शिष्य. लाभ समाजाला झाला, खर्चाचा बोजा मात्र एका माणसाच्या शिरावर पडला. कर्ज वाढले आणि विद्यालयाची इमारत लिलावात गेली. तेव्हा रामनामाचा आधार घेऊन ते नाशिकच्या आश्रमात रमले. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेस त्यांचे निधन झाले.

यानंतर तीनच वर्षांनी दूर अमेरिकेत संगीताच्या वेगळ्या बाजाराचे बारसे झाले. जॉर्ज स्क्वायर या लष्करी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून निघालेल्या, तारांवरून संगीत पुरविणाऱ्या व्यवसायाला 1934 मध्ये म्यूझॅक हे नाव मिळाले. पुढे 1982 मध्ये रोनाल्ड मिलिमन यांनी एका सुपरमार्केटमधील प्रयोग प्रसिद्ध केला. जलद लयीपेक्षा संथ लयीचे संगीत चालू असताना विक्री सुमारे 38 टक्के अधिक आढळली. गिऱ्हाइकाची पावले मंदावली, तसे खरेदीचे प्रमाण वाढले.

हा फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. विष्णु दिगंबरांच्या मैफलीत श्रोता हा ग्राहक होता आणि गाणे ही त्याने मागितलेली वस्तू. दुकानात गाण्याचे मोल दुकानदार देतो, आणि त्याच्या मोबदल्यात त्याला मिळते ते आपले मंदावलेले पाऊल. येथे ऐकणाऱ्याला कोणी विचारलेले नसते.

दुकानातच का होईना, कामगाराच्या मुलाच्या कानावर सूर तर पडतात, असे कोणी म्हणेल. हा युक्तिवाद खोटा नाही. परंतु ज्या सुरांकडे लक्ष द्यायचे नाही, अशीच रोजची सवय लागते, त्यांची गोडी कशी लागावी? गिऱ्हाईक निदान पाच मिनिटांत बाहेर पडते. गल्ल्यामागे दिवसभर उभ्या असलेल्या नोकराला ती मुभाही नाही.

यावर कायद्याचा बडगा नको. दुकानदारांनी आवाज उतरवावा, दिवसातून काही तास शांतता राखावी, काय लावावे हे नोकरांना विचारावे आणि लावलेली चीज मध्येच तोडू नये, एवढे पुरे. विष्णु दिगंबरांनी गाण्याला राजवाड्यातून बाहेर काढले, ते लोकांनी ऐकावे म्हणून. ते सर्वत्र वाजू लागले, एवढ्याने त्यांचे काम पुरे झाले असे समजता येणार नाही.