गीता १८.४६ ते ४८: रंग खलणाऱ्या बाईंची पूजा



अठराव्या अध्यायात आपण ४६व्या श्लोकाशी आलो आहोत. हे सगळं जिथून निघालं, त्याची पूजा माणसानं आपल्या वाट्याच्या कामानं करावी, असा त्याचा रोख. माउलींनी तर इथे कामाचीच फुलं केली आहेत. हा श्लोक आपल्या पिढीला फार आवडतो, कारण तो सोयीचा वाटतो. सकाळी स्टँडअप, संध्याकाळी रिलीज, आणि झाली पूजा! पण घरी पूजा करताना आधी काय काय असतं आठवा. उपकरणी घासायची, सहाणेवर चंदन उगाळायचं, वाती वळायच्या. पूजेचा निम्मा वेळ तयारीतच जातो. कामाला पूजा म्हणताना हा भाग आपण गाळतो.

म्हणून आज एका बाईंचं चरित्र सांगतो. ख्रिस्तियाना हेरिंगहॅम. अजिंठ्याच्या चित्रांबद्दल वाचलेल्यांना हे नाव माहीत असेल. त्या आल्या तेव्हा अजिंठा आणि आमची हिंगोली दोन्ही निजामाच्या राज्यात होती. अजिंठ्याच्या लेण्यांत वटवाघळं होती.

त्यांचा जन्म १८५२ सालचा, इंग्लंडमधला. वडील शेअर दलाल, पैसेवाले आणि कलेचे शौकीन. १८८० मध्ये विल्मट हेरिंगहॅम या डॉक्टरांशी लग्न झालं, पुढे दोन मुलगे झाले. त्यातला थोरला लहानपणीच गेला. त्या दुःखाबद्दल मी जास्त लिहीत नाही, पण पुढचं वाचताना ते लक्षात असू द्या.

त्या चित्रं काढायच्या, आणि त्यांना एका प्रश्नानं धरलं होतं. इटलीतली पाचशे वर्षांपूर्वीची देवचित्रं अजून इतकी ताजी कशी? तेलरंग त्या मानानं लवकर काळवंडतात, पिवळे पडतात. जुनी चित्रं मात्र काल काढल्यासारखी. उत्तर होतं टेम्परा, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेले रंग. तेलरंग आल्यावर ही पद्धत मागे पडली होती. रीत सांगणारं एक पुस्तक मात्र उरलं होतं. चेन्निनो चेन्निनी नावाच्या इटालियन चित्रकारानं १४००च्या आसपास ते लिहिलं. त्याचं एक इंग्रजी भाषांतर १८४४ साली झालं होतं, पण ते अपुऱ्या प्रतीवरून. हेरिंगहॅमबाईंनी नवं भाषांतर केलं आणि १८९९ मध्ये स्वतःच्या टिपांसह छापलं. मला आवडतं ते हे की त्या नुसतं भाषांतर करून थांबल्या नाहीत. पुस्तकात लिहिलंय तसं स्वतः करत गेल्या. आपण जुन्या सिस्टिमचं डॉक्युमेंटेशन वाचतो आणि समजलं म्हणतो. त्यांनी ते चालवून पाहिलं.

ती रीत थोडी सविस्तर सांगतो, कारण बाईंची साधना तिथेच आहे.

आधी लाकडी फळी. तिच्यावर जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस फिरवायचा. मग सरसात कालवलेल्या जिप्समचे पातळ थर, एकावर एक. सगळे वाळले की खरवडून पृष्ठभाग हस्तिदंतासारखा गुळगुळीत करायचा. आता रंग. मातीचे आणि दगडांचे रंग पाण्यासोबत दगडी पाट्यावर खलायचे. खलायला वेळेची मर्यादा नाही, जितकं जास्त तितकं चांगलं, असं जुने लोक मानत. मग अंडं. पांढरा भाग काढून टाकायचा, बलक या तळहातावरून त्या तळहातावर घेत कोरडा करायचा. नंतर त्याची पातळ पिशवी चिमटीत धरून खालून टोचायची, की आतलं पिवळं वाटीत उतरतं आणि पिशवी बोटांत राहते. हे पिवळं आणि खललेला रंग साधारण समसमान, वर थोडं पाणी. उद्यासाठी ठेवता येत नाही, खराब होतं. रोज नवं करायचं.

चेन्निनीनं बलकाचाही विचार केलाय. शहरातल्या कोंबडीचा बलक फिका, तो तरुण चेहऱ्यांना. खेड्यातल्या कोंबडीचा लालसर, तो म्हाताऱ्या किंवा सावळ्या चेहऱ्यांना. माणसाच्या कातडीखाली आधी हिरव्या मातीच्या रंगाचा थर द्यायचा, मग वर गुलाबी. म्हणून त्या जुन्या चित्रांत गालांखाली हिरवट झाक दिसते.

बलकात पाणी, तेल आणि प्रथिनं मुळातच एकजीव झालेली असतात. पाणी उडून जातं आणि उरलेला थर असा घट्ट होतो की पुढे पाण्यानं निघत नाही. बलकाचा स्वतःचा पिवळेपणा काही दिवसांत विरतो. पुण्यात फ्लॅटवर असताना मी एकदा हे करून पाहिलं. ब्रश उचलेपर्यंत रेघ वाळते. तेलरंगासारखं दोन रंग ओले असताना एकमेकांत मिसळता येत नाहीत. एका गालाची गोलाई आणायला शेकडो बारीक रेघा, शेजारी शेजारी. घाई केली की खालचा थर उचकटतो. या पद्धतीत हुशारी दाखवायला जागाच नाही.

आता काहींच्या मनात आलं असेल ते बोलून टाकतो. आमच्या आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. नर्सी आणि औंढ्याच्या आसपासच्या पुष्कळ घरांसारखं आमच्याकडे अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. देवाचं चित्र आणि त्यात अंडं? आईला सांगितलं तर ती कपाळावर हात मारेल. मी तिला चुकीचं म्हणणार नाही. पण पुढचा ४८वा श्लोक वाचा: प्रत्येक कामाला काही ना काही दोष चिकटलेला असतो, विस्तवाला धूर असतो तसा, म्हणून आपल्या वाट्याचं काम टाकून देऊ नये. चेन्निनीसुद्धा आपलं पुस्तक देवाचं आणि संतांचं नाव घेऊनच सुरू करतो. त्याचा सरस, त्याचं अंडं हा त्याच्या विस्तवाचा धूर समजा. माझ्यापुरतं मी एवढ्यावर समाधान केलंय. तुमचं वेगळं असू शकतं.

१९०१ मध्ये बाईंनी जोसेफ साउथॉल वगैरे चित्रकारांसोबत टेम्परा चित्रकारांची संस्था काढली. त्यांची स्वतःची नावाजलेली कामं म्हणजे बोतिचेल्लीसारख्यांच्या चित्रांच्या नकला. नकला म्हटल्यावर आपल्याला कमी वाटतं. पण दुसऱ्याचा हात आपल्या हातात उतरायचा तर आपली लकब आधी बाजूला ठेवावी लागते. अहंकार सोडा असं कीर्तनात ऐकणं वेगळं आणि सहा महिने रोज दुसऱ्याची रेघ ओढणं वेगळं.

१९०३ मध्ये इंग्लंडातली चांगली चित्रं परदेशी विकली जाऊ नयेत, लोकांसाठी घेऊन ठेवावीत, म्हणून एक निधी उभा राहिला. त्याला पहिले २०० पौंड त्यांनी दिले. त्याच निधीनं १९०६ साली वेलास्केथचं प्रसिद्ध व्हीनसचं चित्र देशासाठी घेतलं. बायकांना मताचा हक्क मिळावा या चळवळीतही त्या होत्या.

१९०६ मध्येच त्या हिंदुस्थानात आल्या आणि अजिंठा पाहिला. तोपर्यंत अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतींचं नशीब फार वाईट होतं. रॉबर्ट गिलनं १८४४ पासून वर्षानुवर्षं बसून प्रती केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या त्यातल्या बहुतेक १८६६च्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून १८८५ पर्यंत राबले. त्यांच्याही पुष्कळ प्रती लंडनमध्ये आगीत गेल्या. वर चित्रं नीट दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर व्हार्निश फासलं गेलं, ते पुढे पिवळं पडून पापुद्र्यासारखं सुटू लागलं. भल्या हेतूनं केलेलं नुकसान.

बाईंनी ठरवलं, पुन्हा प्रती करायच्या. १९०९-१० आणि १९१०-११ असे दोन हिवाळे त्या येऊन राहिल्या. वय सत्तावन्न-अठ्ठावन्न. लंडनमधलं सुखाचं घर सोडून तंबूत राहायचं आणि दिवसभर लेण्यांत काम. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला वाकून खाली उतरलेल्यांना अंधारात दिसायला लागेपर्यंत काय होतं ते माहीत आहे. इथे त्या अंधारात रोज कित्येक तास डोळे ताणायचे, वटवाघळांच्या दर्पात. भिंतीवरची रेघ आधी उतरवून घ्यायची, मग एकेका रंगाची पारख, भिंतीवरचा आणि कागदावरचा.

त्यांच्या टेम्पराच्या अभ्यासाचा उपयोग इथे झाला. अजिंठ्याची चित्रं इटलीतल्यासारखी ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. खडकावर माती, भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवलेला गिलावा, वर चुन्याचा पातळ थर, आणि त्यावर सरसासारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग. पिवळी माती, काव, काजळी, हिरवी माती, आणि दुरून आलेला लाजवर्दी निळा. म्हणजे बलक नसला तरी जातकुळी टेम्पराचीच. पाटा घेऊन स्वतः रंग खलणाऱ्या माणसाला हे काम आतून कळतं. १९१०च्या जूनमध्ये बर्लिंग्टन मॅगझिनमध्ये त्यांनी अजिंठ्यावर लेख लिहिला.

या कामात त्या एकट्या नव्हत्या. लंडनहून डोरोथी लार्चर नावाची तरुण चित्रकार आली होती. हैदराबादहून सय्यद अहमद आणि फझलुद्दीन आले. कलकत्त्याहून अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य आले: नंदलाल बोस, असितकुमार हालदार, नंतर समरेंद्रनाथ गुप्त आणि वेंकटप्पा. नंदलालांनी जावं म्हणून मागे लागल्या त्या भगिनी निवेदिता. आपल्या देशाच्या मुलांनी आपलं वैभव परदेशी बाईंच्या आधी पाहायला हवं होतं, निदान सोबत तरी पाहावं, अशी त्यांची तळमळ मला त्यात दिसते. त्या हिवाळ्यात निवेदिता स्वतः जगदीशचंद्र बोसांसोबत अजिंठ्याला येऊन गेल्या. एका लेण्यात ख्रिस्ती इंग्रज बाई, मुसलमान चित्रकार, बंगाली हिंदू पोरं आणि विवेकानंदांची शिष्या, सगळे बुद्धाच्या गोष्टी पाहतायत. माझ्या डोळ्यांसमोर पद्मपाणीचा तो खाली झुकलेला चेहरा येतो आणि त्याच्यासमोर ही मंडळी.

इथवर ही गोष्ट ४६व्या श्लोकाला छान बसते. पुढचं बसत नाही, आणि मला आज तेच सांगायचं होतं.

१९११ मध्ये इंग्लंडला परतल्यावर बाईंचं मन आजारी पडलं. कुणीतरी आपल्या मागावर आहे, आपला छळ करणार आहे, अशी भीती. त्याच वर्षी लंडनमध्ये अजिंठ्याच्या प्रती प्रदर्शनात मांडल्या गेल्या, आणि त्याच वर्षी त्यांना मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. त्या पुन्हा घरी राहायला आल्याच नाहीत. १९१४च्या ऑक्टोबरमध्ये धाकटा मुलगा महायुद्धात पडला. १९१५ मध्ये इंडिया सोसायटीनं त्यांच्या प्रतींचं अजिंठ्यावरचं मोठं पुस्तक काढलं. ज्या पुस्तकासाठी दोन हिवाळे अंधारात गेले, ते आलं तेव्हा त्या रुग्णालयात होत्या. १९२९ मध्ये त्या गेल्या. म्हणजे अठरा वर्षं तशी काढली.

लेण्यांच्या शापाच्या गोष्टी कुणी रचल्या तर त्यांना हरी म्हणा आणि सोडून द्या. मानसिक आजार हा आजार आहे. तुमच्यापैकी काहीजण त्यासाठी गोळ्या घेतात, मला मेसेज करतात, आणि बरेचदा विचारतात की नामस्मरण करूनही हे का होतं, माझी भक्ती कमी पडते का. मी या श्लोकाचे शब्द पुन्हा पुन्हा तपासले. सिद्धी मिळते असं भगवंत म्हणतात. मन मोडणार नाही, मुलं जाणार नाहीत, केलेलं काम छापून आलेलं डोळ्यांनी दिसेल, असं वचन तिथे नाही. हेरिंगहॅमबाईंची पूजा कुठे कमी पडली, हे मला तरी दाखवता येणार नाही. तुमचीही पडत नाही. डॉक्टरांकडे जाणं थांबवू नका.

त्या लेण्यांत काम केलेले सय्यद अहमद पुढे अजिंठ्याचेच क्युरेटर झाले आणि त्या भिंतींची राखण करत राहिले. नंदलाल बोस शांतिनिकेतनात कलाभवनाचे प्रमुख झाले. आपल्या राज्यघटनेच्या मूळ हस्तलिखिताची पानं त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी सजवली. नेटवर ती पानं पाहायला मिळतात. रेघेकडे जरा वेळ काढून बघा.

उद्या ४९वा श्लोक. राम कृष्ण हरी.