जुन्या कागदांतला ताप

ताळेबंद जुळेनासा झाला, की आम्ही बँकेतली मंडळी जुनी लेजरं काढून बसायचो. चूक सापडायची ती एखाद्याच नोंदीत, पण तिच्यापायी रात्र जायची. न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली मला म्हणूनच जवळचे वाटतात.

जानेवारी १८९१ मध्ये बेसी डॅशिएल ही त्यांची तरुण रुग्ण सार्कोमाने, म्हणजे हाडामांसाच्या कर्करोगाने गेली. हात कापूनही उपयोग झाला नाही. एकोणतीस वर्षांच्या कोलींना ते मरण जिव्हारी लागलं. इस्पितळाच्या जुन्या नोंदी चाळताना त्यांना स्टाइन नावाचा जर्मन रोगी सापडला. मानेवरची गाठ कितीदा कापली तरी परत यायची. मग त्याला धावरे झालं, सणसणीत ताप आला आणि गाठ विरून गेली. कोलींनी मॅनहॅटनच्या गरीब वस्तीत दारोदार हिंडून त्याला शोधून काढलं. सात वर्षांनंतरही गडी ठणठणीत!

मग कोलींनी रोग्यांना मुद्दाम धावऱ्याचे जिवंत जंतू टोचले. झोला नावाचा इटालियन मरता मरता वाचला, त्याची गाठही ओसरली. दोघे मात्र त्या संसर्गानेच दगावले. ती रक्कम कोलींच्या खर्चाच्या बाजूलाच मांडावी लागेल. १८९३ पासून ते मारलेले जंतू वापरू लागले. कुणाला गुण यायचा, कुणाला नाही. का, ते सांगता येईना. तशात रेडियम आलं, वरिष्ठ जेम्स यूइंग विरोधात गेले. १९३६ मध्ये कोली वारले, तेव्हा त्यांच्या औषधाची वाट बुजत चालली होती.

पण मुलगी हेलन कागद घेऊन बसली. ती डॉक्टर नव्हती. तिने वडिलांच्या रोग्यांच्या नोंदी जुळवल्या आणि १९५३ मध्ये कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट उभारायला हातभार लावला.

उत्तराचा एक धागा टोकियोत मिळाला. आपल्या दंडावर व्रण ठेवणाऱ्या बीसीजीच्या जंतूंमधला डीएनए गाठी रोखतो, असं तिथल्या संशोधकांना १९८४ मध्ये दिसलं. डीएनएच्या अक्षरांत सी आणि जी ही जोडी आपल्याकडे विरळा, आणि बहुधा तिच्यावर मिथाइलचा शिक्का असतो. जंतूंकडे ती मुबलक, बिनशिक्क्याची. अमेरिकेत आर्थर क्रीग यांनी १९९५ मध्ये हा फरक दाखवला. २००० मध्ये जपानच्या शिझुओ अकिरांनी तो ओळखणारा पहारेकरी शोधला: टीएलआर-९. काही पांढऱ्या पेशींच्या आतल्या पिशव्यांत तो बसलेला असतो. बिनशिक्क्याची जोडी तिथे पोचली, की तो गजर करतो. कोलींच्या मिश्रणात जंतूंच्या कवचातली विषंही होती, तेव्हा सारं श्रेय डीएनएला देता येत नाही.

मार्च २०२२ मध्ये बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना कोर्बेव्हॅक्स देऊ लागले. करोनाच्या त्या लशीत हीच सी-जी जोडी, कृत्रिमरीत्या बनवलेली, घातली होती. माझी नात टोचून आली आणि रात्री तिचं अंग तापलं. सूनबाई थर्मामीटर घेऊन धावली. मी स्टाइनची गोष्ट सांगायला बसलो, पण तो धावऱ्यापर्यंत पोचायच्या आत पोरगी झोपलीसुद्धा.