मृगातला ढग बघणारे कावसजी नायगमवाला

बालमित्रांनो, हिवाळ्यात रात्री अंगणात उभे राहा आणि मृग नक्षत्र बघा. मधे एका ओळीत तीन चांदण्या दिसतात, तो मृगाचा बाण. बाणाच्या जरा दक्षिणेला एक पुसट ठिपका दिसतो. तो वायू आणि धुळीचा प्रचंड मोठा ढग आहे. त्याला तेजोमेघ म्हणतात. या ढगाचा अभ्यास आपल्या महाराष्ट्रात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी केला.

कावसजींचा जन्म १८५७ साली झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते विज्ञान शिकवीत. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी त्यांना वेधशाळेसाठी ५,००० रुपये दिले, सरकारनेही तेवढेच दिले. १८८४ साली ते विलायतेला गेले. तिथे लॉकियर नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञांचा सल्ला त्यांना मिळाला. मग १८८८ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात वेधशाळा उभी राहिली. तिथली २० इंची दुर्बीण त्या काळी भारतात सर्वांत मोठी होती.

लॉकियर साहेबांचं मत होतं, की तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आपटणाऱ्या उल्कांचा थवा. तसं असेल तर ढगाच्या प्रकाशातली मुख्य हिरवी रेघ एका बाजूला पसरट दिसायला हवी. कावसजींनी पुन्हा पुन्हा बघितलं. रेघ बारीक आणि स्वच्छच दिसली! सल्ला देणारे गुरुजन खरे, पण दिसलं तेच त्यांनी १८९१ साली लिहिलं. ती रेघ प्राणवायूची आहे, हे पुढे १९२७ साली कळलं.

मग ढगातली धूळ कुठे गेली? धूळ आहेच. आपल्याकडे उन्हाळ्यात दगडी भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री हात लावला तर गरम लागते. तसंच ही धूळ ताऱ्यांचा उजेड पिते, किंचित तापते आणि उष्णतेचे किरण सोडते. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. १९८३ साली अवकाशातल्या दुर्बिणीने या किरणांत जवळजवळ सगळं आकाश बघितलं. विश्वातल्या ताऱ्यांचा सुमारे निम्मा उजेड अशी धूळच पिते आणि परत देते, असं आता शास्त्रज्ञ सांगतात.

२२ जानेवारी १८९८ रोजी कावसजींनी सोलापूर जिल्ह्यात जेऊर येथे खग्रास सूर्यग्रहणाचाही अभ्यास केला. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. १९३८ साली ते वारले.

मित्रांनो, मोठ्यांचा मान राखावा, पण डोळ्यांनी नीट पाहिलेलं खरं सांगायला भिऊ नये.