पडलेल्या घरांचे शवविच्छेदन

रुग्ण दगावला आणि कारण कळले नाही, तर शवविच्छेदन करतात. घर पडले तर? ढिगारा उपसायचा, माणसे बाहेर काढायची, पंचनामा करायचा आणि जागा मोकळी करायची, ही आपल्याकडची रीत. पडलेल्या घराचेही शवविच्छेदन करता येते, भिंतीच्या तड्यांची दिशा मोजून भूकंप कुठून आणि किती खोलवरून आला याचा अंदाज बांधता येतो, हे ज्यांनी पद्धतशीर करून दाखवले ते रॉबर्ट मॅलेट डॉक्टर नव्हते आणि पेशाने भूगर्भशास्त्रज्ञही नव्हते. ते डब्लिनमधल्या एका लोखंड ओतणाऱ्या कारखान्याचे मालक होते. भूकंप, पूर, वादळ यांचा धोका आज संगणकावर नकाशा करून मोजला जातो. भूकंपापुरते बोलायचे तर त्या सॉफ्टवेअरच्या मुळाशी हा कारखानदार आहे.

मॅलेट यांचा जन्म ३ जून १८१० रोजी डब्लिनमध्ये झाला. वडिलांची ओतशाळा होती, त्यामुळे भट्टी, साचे आणि हातोडे यांच्या सोबतीतच ते वाढले. ट्रिनिटी कॉलेजातून १८३० मध्ये पदवी घेतली आणि वडिलांच्या कारखान्यात शिरले. पुढे रेल्वे, पूल, छपरे अशी आयर्लंडमधली बरीच मोठी लोखंडी कामे या कारखान्यातून झाली. फास्टनेट खडकावरचा पहिला दीपस्तंभ त्यांनीच बांधला. क्रिमियाच्या युद्धासाठी त्यांनी ३६ इंच व्यासाच्या तोंडाची एक अजस्र उखळी तोफ आखली होती. ती तयार होईपर्यंत युद्ध संपले. इंग्लंडमध्ये आजही सामान्य लोकांना मॅलेट हे नाव माहीत असलेच, तर या निरुपयोगी तोफेमुळे असते, हे त्यांचे दुर्दैव.

भूकंपाकडे ते वळले एका चित्रामुळे. १७८३ मध्ये इटलीतल्या कॅलाब्रिया भागात मोठा भूकंप झाला होता. तिथल्या एका मठासमोरच्या दोन दगडी स्तंभांचे वरचे दगड खाली पडले नव्हते, मात्र जागच्या जागी पिळल्यासारखे फिरले होते. त्यावरून जमीन भोवऱ्यासारखी गरगरली असणार, असे मानले जाई. लोखंडाचे मोठमोठे तुकडे रोज उचलणाऱ्या-ठेवणाऱ्या मॅलेटना हे पटले नाही. जमीन सरळच हलली असेल. पण वरचा दगड खालच्याला जिथे घट्ट धरून होता ती जागा मध्यावर नसेल, तर सरळ धक्क्यानेही तो फिरेल, असा त्यांचा खुलासा होता. १८४६ मध्ये त्यांनी रॉयल आयरिश अकादमीपुढे भूकंपाच्या गतिशास्त्रावर निबंध वाचला. भूकंप म्हणजे जमिनीतून धावणारी लाट, आणि लाट आहे तर तिचा वेग मोजता आला पाहिजे, हा त्याचा गाभा होता.

वेग मोजायला भूकंपाची वाट किती दिवस पाहणार? १८४९ मध्ये त्यांनी डब्लिनजवळच्या किलिनीच्या समुद्रकिनारी वाळूत बंदुकीच्या दारूचे पिंप पुरले आणि उडवले. दूरवर पाऱ्याने भरलेले भांडे ठेवले होते. पाऱ्यात दिसणारी प्रतिमा थरथरली की लाट पोचली, असे समजायचे. वाळूत वेग निघाला सेकंदाला सुमारे ८२५ फूट. मग शेजारच्या डॉकी इथल्या ग्रॅनाइटमध्ये तोच प्रयोग झाला; तिथे सलग खडकात सुमारे १६६५ फूट. हे आकडे आजच्या मापांपेक्षा बरेच कमी आहेत, कारण पारा पहिली हलकी थरथर टिपत नसावा. पण जमीन बदलली की लाट बदलते, हे त्यातून दिसले. काळ्या मातीत बांधलेले घर आणि खडकावर बांधलेले घर यांना एकच धक्का सारखा बसत नाही, हा आजच्या प्रत्येक धोका-नकाशातला एक हिशेब आहे.

नंतरचे काम कंटाळवाणे होते, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे. मुलगा जॉन विल्यम याला हाताशी घेऊन मॅलेटनी जुन्या बखरी, चर्चच्या नोंदी, प्रवासवर्णने, वर्तमानपत्रे चाळली आणि इसवी सनापूर्वी १६०६ पासून १८४२ पर्यंतच्या ६,८३१ भूकंपांची यादी केली. तारीख, ठिकाण, धक्क्यांची दिशा, कालावधी, परिणाम, सगळे रकाने पाडून. त्यावरून जगाचा भूकंप-नकाशा रंगवला: जिथे धक्के जास्त तिथे रंग गडद. भूकंप जगभर विखुरलेले नसून पट्ट्यांनी येतात, हे त्या नकाशात डोळ्यांना दिसले. भूपट्टांचा सिद्धांत यायला अजून शंभर वर्षे होती.

या पद्धतीत एक खोट आहे, आणि ती आपल्या मराठवाड्याला फार महागात पडली. ज्या प्रदेशातल्या धक्क्यांची कुणी नोंदच ठेवली नाही, तो नकाशावर फिकाच राहतो. फिका भाग पाहणाऱ्याला सुरक्षित वाटतो. भारतीय मानक संस्थेच्या नकाशात देशाचे भूकंपप्रवण विभाग पाडलेले असतात. दख्खनचे पठार कठीण, जुने, स्थिर, असा समज होता. १९६७ मध्ये कोयनेला भूकंप झाला आणि नकाशा बदलला, पण बदलला तो कोयनेपुरता. १९८४ च्या आवृत्तीत लातूर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होते. आदल्या वर्षीपासून किल्लारीत लहान धक्के जाणवत होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना, गणपती विसर्जन करून थकून झोपलेल्या गावांवर ६.२ च्या आसपास तीव्रतेचा भूकंप आला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आठ ते दहा हजार माणसे गेली. मग पुन्हा नकाशा बदलला. २००२ च्या आवृत्तीत पहिला विभागच काढून टाकला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यात गेला.

मॅलेट यादीवरच थांबले असते तर त्यांचे काम असेच अर्धे राहिले असते. १६ डिसेंबर १८५७ च्या रात्री दहाच्या सुमारास इटलीत नेपल्सच्या राज्यात मोठा भूकंप झाला. मृतांची संख्या तिथेही दहा हजारांच्या घरात होती. मॅलेटनी रॉयल सोसायटीकडे दीडशे पौंड मागितले आणि १८५८ च्या फेब्रुवारीत, भर हिवाळ्यात, खेचरावर बसून ते बॅसिलिकाटाच्या डोंगरांत हिंडले. पोला, मोंटेमुरो, सापोनारा ही गावे जवळपास नाहीशी झाली होती. ते प्रत्येक ठिकाणी भिंतीपुढे होकायंत्र धरून उभे राहत. तडा कोणत्या कोनात गेला, खांब कोणत्या बाजूला पडला, भिंतीवरून उडालेला दगड किती दूर जाऊन पडला, याची मापे ते वहीत घेत. छायाचित्रण तेव्हा बाल्यावस्थेत होते, तरी त्यांनी पडझडीचे फोटो काढून घेतले. प्रत्येक गावातून धक्क्याच्या दिशेची रेघ नकाशावर मागे ओढत नेली, तेव्हा त्या रेघा एका लहानशा टापूत एकमेकींना छेदू लागल्या. खोली त्यांनी साधारण साडेदहा किलोमीटर काढली. मग नुकसानीप्रमाणे चार वेढे आखले: गाव पूर्ण जमीनदोस्त, बरीच घरे पडून माणसे गेली, किरकोळ पडझड, आणि फक्त धक्का जाणवला. १८६२ मध्ये हे सारे दोन खंडांत छापले गेले. भूकंपशास्त्राला इंग्रजीतले सिस्मॉलॉजी हे नावही त्यांनीच दिले.

भूकंपाच्या कारणाबद्दल मात्र ते चुकले. जमिनीखाली वाफेचा स्फोट होतो, असे त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिले. तड्यांची त्यांची भूमितीही आज फार सोपी वाटते. पण त्या घरांविषयी त्यांनी जे टिपले ते वाचताना मी अडखळलो. ओबडधोबड दगड, दम नसलेला चुना, जाड भिंती आणि डोक्यावर अवजड छत. नावे इटालियन नसती तर मी ते औसा-निलंग्याचेच वर्णन समजलो असतो.

किल्लारीतली घरे माळवदाची होती. दगडी भिंतीचा आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये चिखल, आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आडवा दगड बहुधा नाहीच. वर लाकडावर मातीचे छत. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून त्यावर माती टाकायची, म्हणजे घर जितके जुने तितके डोक्यावरचे ओझे जास्त. त्या पहाटे गरिबाची कुडाची छपरे पुष्कळ ठिकाणी वाचली आणि ज्या भिंतींच्या जाडीचा अभिमान होता त्या आत-बाहेर कोसळल्या. तेव्हा मी वैद्यकीय शिक्षणाच्या अखेरच्या टप्प्यात होतो. पाठीचा कणा, ओटीपोटाची हाडे, छाती यांच्या दुखापती आम्ही पाहिल्या. पण ज्यांच्या अंगावर माळवद आले त्यांतले अनेक आमच्यापर्यंत पोचलेच नाहीत. काँक्रीटच्या स्लॅबखाली कधी कधी श्वास घेण्यापुरती पोकळी उरते. मातीखाली ती उरत नाही. नाक-तोंड भरून काही मिनिटांत माणूस गुदमरतो. ६.२ चा भूकंप जगात दरवर्षी अनेकदा होतो आणि बहुतेक वेळा त्यात असा संहार होत नाही.

आजची सॉफ्टवेअर नेमका हाच हिशेब करतात. इटलीतल्या पाविया शहरातून चालणाऱ्या ग्लोबल अर्थक्वेक मॉडेल फाउंडेशनने ओपनक्वेक नावाचे सॉफ्टवेअर तयार केले आहे. ते कुणालाही मोफत वापरता येते. त्याला तीन गोष्टी पुरवाव्या लागतात. जमीन किती जोराने हलू शकेल, ही पहिली; मॅलेटच्या यादीची पणती म्हणा. त्या जमिनीवर कुठे किती घरे आणि माणसे आहेत, ही दुसरी. आणि कोणत्या प्रकारचे घर किती हलले तर किती मोडते, ही तिसरी. खेचरावरून हिंडून मोजलेली. तिन्ही एकमेकांवर बसवली की नकाशावर केवळ हादरा दिसत नाही, संभाव्य जखमी आणि मृतही दिसतात. अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेने १९९७ मध्ये आणलेले हॅझस हे सॉफ्टवेअर तर जीवितहानीचा अंदाज पहाटे दोन, दुपारी दोन आणि सायंकाळी पाच असा तीनदा काढते, कारण त्या त्या वेळी माणसे घरात, कामावर किंवा रस्त्यावर असतात. किल्लारीचा भूकंप दुपारी आला असता तर अर्धे गाव शेतात असते. रुग्णालयात किती खाटा, किती रक्त, किती डायलिसिस लागेल याचा अंदाज करणाऱ्याला या आकड्यांचा उपयोग आहे. डायलिसिस अशासाठी, की दबलेल्या स्नायूंतले विष रक्तात उतरून मूत्रपिंडे बंद पडतात, आणि ढिगाऱ्यातून जिवंत काढलेला माणूस नंतर दगावतो.

आपल्याकडे १९९७ मध्येच केंद्र सरकारच्या एका परिषदेने देशाचा धोकाप्रवणतेचा नकाशासंग्रह काढला. त्यात जिल्ह्यागणिक भिंती आणि छपरे कशाची आहेत याचे तक्ते आहेत आणि ते जनगणनेच्या घरयादीतून घेतलेले आहेत. घरयादीत भिंत दगडाची असेल तर दर्जा घेतलेली की नुसती रचलेली, हेही नोंदवले जाते. प्रगणक उंबऱ्यावर उभा राहून हे विचारतो तेव्हा आपण घाईत काहीतरी सांगून मोकळे होतो. छतावर मातीचा थर किती जाड, हे मात्र त्या तक्त्यात येत नाही, आणि आमच्या भागात जीव जातो तो त्या थरापायी.

२०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात साडेचारच्या आसपास तीव्रतेचे धक्के बसले. नांदेडमध्ये लोक अंगणात धावले. त्यानंतर आठवडाभर बाह्यरुग्ण विभागात छातीत धडधड आणि झोप न येण्याच्या तक्रारी वाढल्या होत्या. मोठा कधी येणार, हा प्रश्न प्रत्येकाचा. त्याची तारीख कुणालाच सांगता येत नाही. म्हणून मी उलट त्यांनाच विचारत होतो की तुम्ही झोपता त्या खोलीवर छत कशाचे आहे. एका आजीबाईंनी सांगितले की माळवद आहे, पण त्या पत्र्याच्या ओसरीत झोपतात. किल्लारीपासून तसेच झोपतात.

१८६१ मध्ये मॅलेट लंडनला गेले. डब्लिनचा धंदा मंदावला होता. पुढची वर्षे सल्लागार अभियंता म्हणून आणि लेखनात गेली. १८७७ मध्ये लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेने त्यांना वोलास्टन पदक दिले, तेव्हा त्यांची दृष्टी जवळपास गेली होती. आयुष्याची शेवटची सात वर्षे त्यांनी अंधत्वात काढली. ५ नोव्हेंबर १८८१ रोजी ते वारले.

त्यांचा एक मुलगा, फ्रेडरिक, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत आला आणि त्याने अंदमानच्या बॅरन बेटावरच्या ज्वालामुखीचा अभ्यास केला. त्याच संस्थेचे प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी १८६९ चा आसाममधल्या काचारचा भूकंप अभ्यासला, आणि त्या निबंधाला मॅलेट यांनी टिपणे जोडली. ओल्डहॅम यांनी भारतातल्या भूकंपांची अगदी जुन्या काळापासून १८६९ पर्यंतची यादी केली होती. ती त्यांच्या मृत्यूनंतर, १८८३ मध्ये, मुलाने छापून घेतली. भारताचा भूकंप-धोका संगणकावर मांडणाऱ्यांना जुन्या नोंदींसाठी आजही त्या यादीपाशी जावे लागते.